लहुजी वस्ताद साळवे

विजयादशमीस ठाकुर्लीतील घरांत शस्त्रे आणि पाटी शेजारी शेजारी पुजली जातात. या जोडपूजेचे निरूपण करताना आम्हांस पुण्याचे लहुजीबुवा आठवतात. १७९४ साली पुरंदरच्या पायथ्याशी, मातंग घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८१७ मध्ये खडकीच्या रणात पिता राघोजी पडले. पुढे लहुजीबुवांनी पुण्यात तालीम घातली. दांडपट्टा व निशाणबाजी शिकावयास तेथे तरुण जोतिराव फुलेही जात.

जोतिरावांनी १८४८ पासून शाळा काढल्या खऱ्या. परंतु ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पडू दिले नव्हते, त्या मांग-महारांची लेकरे शाळेत आणणे दुष्कर होते. आईबाप भीत. निंदा करण्यात शास्त्री-पंडित पुढे होते, हेही आम्हांस सांगितले पाहिजे. तेथे वस्तादांचा शब्द कामास आला. आखाड्यात ज्यांची आज्ञा शिरसावंद्य, तेच विद्येची थोरवी सांगू लागल्यावर नाही कोण म्हणणार? राणबा महार यांच्यासह त्यांनी जातबांधवांस समजावून मुले शाळेत धाडविली.

१८५५ मध्ये मातंग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. लहुजीबुवा १७ फेब्रुवारी १८८१ रोजी निवर्तले. पुण्यात संगमवाडीस त्यांची समाधी आहे.