हवेचे वजन दाखवून देणारे ब्लेझ पास्कल

आपल्या वर्धा जिल्ह्यात ज्यांच्या घरी विहिरीवर ओलीत होते, त्या घरच्या मुलांनी एक गोष्ट नक्कीच पाहिली असेल. विहीर खोल असली की साधा मोटारपंप काठावर ठेवून भागत नाही. तो विहिरीच्या आत, पाण्यापासून सात-आठ मीटरपेक्षा उंच राहणार नाही असा खाली बसवावा लागतो. उन्हाळ्यात पाणी आटले की पंपही आणखी खाली उतरवायचा. काठावरून पाइप कितीही लांब सोडा, मोटार कितीही ताकदीची आणा, पाणी ओढले जात नाही. असे का व्हावे? बालमित्रांनो, हाच प्रश्न पावणेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठ्या विद्वानांना पडला होता. त्याचे उत्तर पक्के करून देणाऱ्या एका कॅथलिक शास्त्रज्ञाची ओळख आज आपण करून घेऊ या.

ब्लेझ पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों या गावी झाला. ते तीन वर्षांचे असतानाच आई वारली. मोठी बहीण झिल्बेर्त, धाकटी झाकलीन आणि मधला ब्लेझ, अशा तिघांना वडिलांनी घरीच शिकवले. वडील सरकारी करवसुलीचे काम पाहत. रात्री उशिरापर्यंत त्यांची चाललेली आकडेमोड पाहून एकोणिसाव्या वर्षी ब्लेझने बेरीज-वजाबाकी करणारे चाकांचे यंत्र बनवायला घेतले. बुद्धी अशी तल्लख, प्रकृती मात्र फार नाजूक. पुढे आयुष्यभर दुखण्याने त्यांची पाठ सोडली नाही.

त्या काळी सगळे मानत की निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पंप हवा ओढू लागला की रिकामी जागा भरायला पाणी आपोआप वर धावते. पण मग ते दहा मीटरच्या जवळपास येऊन थांबते कशाला? पोकळीचा तिटकारा दहा मीटरवर संपतो की काय? गॅलिलिओंचे शिष्य तोरिचेल्ली यांनी १६४४ साली याचे वेगळे कारण सुचवले. त्यांनी एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली होती. पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबला. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड असतो. तेव्हा ७६ सेंटीमीटर पारा आणि सुमारे दहा मीटर पाणी यांचे वजन सारखेच भरते. तोरिचेल्लींचे म्हणणे असे की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि ती हवा भांड्यातील पाऱ्यावर दाब देऊन नळीतील पारा तोलून धरते. (पारा विषारी असतो, तेव्हा हा प्रयोग घरी करायचा नाही.)

ही बातमी १६४६ साली पास्कल यांच्या कानावर आली. तेव्हा ते रुआँ या बंदराच्या शहरी राहत होते. तेथे काच बनवणारे उत्तम कारागीर होते. पास्कल यांनी जवळजवळ पंधरा मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि गर्दीसमोर एकीत पाणी, दुसरीत द्राक्षारस भरून उलट्या केल्या. विरोधक म्हणत, वरची जागा रिकामी नसते, द्रवाची वाफ ती भरते. द्राक्षारसाची वाफ जास्त, म्हणून तोच अधिक खाली येणार. पास्कल म्हणाले, द्राक्षारस पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो थोडा उंच राहील. आणि तसेच झाले! आम्हाला हा प्रसंग फार आवडतो, कारण दोन्ही पक्षांनी काय घडेल ते आधी सांगितले होते.

तरीही पास्कल यांचे समाधान झाले नव्हते. हवेचे वजनच पाऱ्याला धरून ठेवत असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावरची हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. क्लेर्मोंजवळ प्वी द दोम नावाचा १४६५ मीटर उंच डोंगर आहे. पण पास्कल स्वतः आजारी आणि पॅरिसमध्ये. म्हणून नोव्हेंबर १६४७ मध्ये त्यांनी झिल्बेर्तचे यजमान फ्लोरँ पेरिए यांना पत्र लिहिले. दहा महिने वाट पाहावी लागली. अखेर १९ सप्टेंबर १६४८ रोजी सकाळी हवामान जरा बरे दिसले आणि पेरिए काही धर्मगुरू व गावातील प्रतिष्ठितांना घेऊन निघाले.

सुरुवात गावातील सर्वांत सखल जागी, मिनिम संघाच्या मठाच्या बागेत झाली. दोन नळ्या उभ्या केल्या. दोन्हींत पारा अगदी सारख्या उंचीवर, ७१ सेंटीमीटरच्या थोडा वर. एक नळी तिथेच ठेवून मठातील फादर शास्तँ यांच्यावर ती दिवसभर पाहत राहण्याचे काम सोपवले. दुसरी घेऊन मंडळी सुमारे हजार मीटर चढून गेली. माथ्यावर पारा ६३ सेंटीमीटरच्याही खाली! सगळे चकित झाले. पेरिए यांनी माथ्यावर वेगवेगळ्या जागी पाच वेळा मोजले, कधी तेथील छोट्या चॅपेलमध्ये, कधी वाऱ्यात, कधी धुक्यात. फरक तोच, साडेआठ सेंटीमीटर. संध्याकाळी खाली आल्यावर फादर शास्तँ यांनी सांगितले की त्यांची नळी दिवसभर जराही हलली नाही. ऊन, पाऊस, धुके, वारा सगळे येऊन गेले तरी नाही. पुस्तकांत डोंगर चढणाऱ्यांचे नाव येते, बागेत बसून राहिलेल्या फादरांचे सहसा येत नाही. पण ते नसते तर, पारा डोंगरामुळे उतरला की त्या दिवसाच्या हवामानामुळे, हे कोणी कसे ठरवले असते?

दुसऱ्या दिवशी क्लेर्मोंच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरही थोडा फरक दिसला, आणि पॅरिसमध्ये पास्कल यांनी चर्चच्या मनोऱ्यावर तो स्वतः पाहिला. जुनी समजूत त्यांनी तेव्हाच सोडून दिली. त्याआधी पुरावा अपुरा आहे असेच ते सांगत होते.

आता आपली विहीर. पंप पाणी ओढत नाही, तो फक्त पाइपातील हवा काढतो. विहिरीतील पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला पाइपात वर ढकलते, आणि तिची ताकद दहा मीटरच्या आसपास संपते. प्रत्यक्षात पंपाला त्याहूनही कमीच जमते. पाण्यात बुडवलेला सबमर्सिबल पंप खालून ढकलतो, म्हणून त्याला ही अडचण नाही. रसवंतीवर नळीने रस पिताना तुम्हीही हेच करता. आणि वर्ध्याहून चिखलदऱ्याला जाताना वेफर्सचे पाकीट फुगते ते पाहा. बाहेरचा दाब कमी झाला, आतला तेवढाच राहिला. पाऱ्याची नळी सोबत असती तर ती सुमारे सात सेंटीमीटर उतरलेली दिसली असती.

पास्कल यांचे पुढचे आयुष्य वेगळ्या वाटेने गेले. झाकलीन १६५२ साली पोर्ट-रॉयल मठात गेली. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कल यांना प्रार्थनेत देवाचा उत्कट अनुभव आला. पोर्ट-रॉयलच्या बाजूने जेझुइट धर्मगुरूंवर टीका करणारी पत्रे त्यांनी लिहिली, आणि १६५७ साली ख्रिस्तसभेने ती निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकली. हे आपण लपवण्याचे कारण नाही. त्यांच्या जन्माला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर गौरवपर पत्र काढले, आणि पोप फ्रान्सिस स्वतः जेझुइट होते!

१६६२ साली पॅरिसमध्ये ठरावीक मार्गाने, थोड्या भाड्यात चालणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, तीही पास्कल यांचीच कल्पना. त्यातील आपला वाटा गरिबांना मिळावा अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी त्यांनी घरी आसरा दिलेल्या गरीब कुटुंबातील एका मुलाला देवी आल्या. आजारी मुलाला हलवणे बरे नव्हे म्हणून पास्कल स्वतःच घर सोडून झिल्बेर्तकडे राहायला गेले. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, ३९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद नंतर सापडला. त्या नोव्हेंबरच्या रात्रीची नोंद त्यांनी आठ वर्षे कोणाला न सांगता जवळ बाळगली होती. आणि पावसाळ्यात बातम्यांत हवेचा दाब अमुक हेक्टोपास्कल असे ऐकू येते, तो पास्कल हाच.