बालकाच्या झोपेची कैवारी : मारिया माँटेसरी

नगरचा किल्ला म्हटला की १९४२ साली तेथे स्थानबद्ध झालेले पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९४० साली, याच शहरात शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची एक छावणी होती आणि तीत मारिओ माँटेसरी नावाचे एक इटालियन गृहस्थ होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. जून महिन्यात इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने त्यांना येथे आणून ठेवले. त्यांची आई मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात अडकून पडली. जगभरच्या बालमंदिरांना जिचे नाव लाभले, तीच ही मारिया माँटेसरी. मुलांना शिकवावे कसे, हे त्यांनी सांगितले हे सर्वश्रुत आहे. पण मूल झोपत का नाही, या घरोघरच्या गाऱ्हाण्याचाही त्यांनी विचार केला होता. त्यांच्या चरित्राची ही बाजू सहसा अंधारातच राहते.

माँटेसरीबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआरावाल्ले या गावी झाला. स्त्रीने वैद्यक शिकणे समाजाला रुचत नव्हते, अशा काळात १८९६ साली त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढे मनोरुग्णालयाच्या कामात त्यांना मतिमंद ठरवून कोंडलेली मुले दिसली. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचीत. सांभाळणारी बाई म्हणे, मुले हावरट आहेत. माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर फिरवली, तर त्या रिकाम्या खोलीत मुलांच्या हाताला चाळा म्हणून दुसरी वस्तूच नव्हती! तक्रार मुलाविषयी असली, तरी दोष त्याच्या भोवतालात असू शकतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर जपला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले चाळीच्या भिंती खराब करीत, म्हणून घरमालकांना त्यांची सोय हवी होती. माँटेसरीबाईंनी तेथे प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची पद्धत घातली. वजन, उंची, प्रकृती, घरची स्थिती, सारे टिपून ठेवायचे आणि मगच मत बनवायचे. डॉक्टरची वही त्यांनी शाळेत आणली, असेच म्हणावे लागेल.

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या बाल्यरहस्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी हीच दृष्टी झोपेकडे वळवली. मोठ्यांना स्वस्थता हवी असते, म्हणून ते मुलाला त्याच्या गरजेपेक्षा अधिक वेळ झोपवू पाहतात, असा त्यांचा रोखठोक आरोप होता. उंच कठड्याचा पाळणा त्यांना पिंजऱ्यासारखा वाटे. जमिनीलगत बिछाना द्या. झोप आली की मूल आपणच आडवे होईल आणि जाग आली की आपणच उठेल, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे गोधडीवर लोळणाऱ्या मुलांना ही सोय पिढ्यान्‌पिढ्या होतीच! मात्र त्याच आपल्या समाजात रडते मूल निजावे म्हणून अफूची बारीक गोळी देण्याची आणि बागुलबुवाचे भय घालण्याची रीतही होती, हे विसरून चालणार नाही.

अशा या बाईंच्या आयुष्यात एक खोल व्यथा होती. १८९८ साली त्यांना मुलगा झाला, तोच मारिओ. विवाह झालेला नव्हता. लोकनिंदेच्या भयाने बाळ खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपवावे लागले. आई अधूनमधून भेटून येई. मुलगा कायमचा जवळ आला तो जवळजवळ पंधरा वर्षांनी, आणि तरीही लोकांत त्याची ओळख भाचा किंवा दत्तक पुत्र अशीच राहिली. साऱ्या जगाच्या मुलांची झोप राखू पाहणाऱ्या या आईला स्वतःच्या बाळाला रोज रात्री थोपटण्याचे सुख मिळाले नाही! नगरच्या छावणीतील ताटातूट त्यांना किती जड गेली असेल, याची कल्पना यावरून करता येते. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली.

दोघांनी युद्धकाळ भारतातच काढला आणि शेकडो शिक्षकांना तयार केले. त्यांचे विचार त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी येथे रुजवले होते. ताराबाईंनी पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे बालवाडी गरिबाच्या अंगणात नेली. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये माँटेसरीबाईंचे निधन झाले.

त्यांचे सारेच म्हणणे आज जसेच्या तसे टिकलेले नाही. झोपेची वेळ रोज ठरलेली असावी, असे आजचे वैद्यक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. परंतु त्यांची वही मात्र टिकली. मूल झोपत नाही अशी तक्रार आली की डॉक्टर आजही प्रथम आठपंधरा दिवसांची नोंद मागतात. मूल निजले केव्हा, रात्री उठले किती वेळा, दुपारी किती झोपले, घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, निजण्यापूर्वी मोबाइल पाहते काय? घोरण्यामागे वाढलेले टॉन्सिल असू शकतात. रात्री पाय सारखे हलण्यामागे लोहाची कमतरता असू शकते. हे सारे न पाहता मुलाला हट्टी ठरवणे म्हणजे पाव वेचणाऱ्या मुलांना हावरट म्हणण्यासारखेच आहे.

आपल्या जिल्ह्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप उजाडण्यापूर्वीच कोयता घेऊन फडात जातात आणि त्यांच्याबरोबर लेकरांचीही झोप मोडते. त्यांतले एखादे मूल शाळेत पेंगू लागले, तर त्याला आळशी म्हणायचे, की त्याची रात्र कशी गेली हे आधी विचारायचे? आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. ज्या गावात त्या मातेचा पुत्र बंदिवान होता, त्या गावच्या विद्यार्थ्यांनी तिची वही हाती घेणे, हेच तिचे खरे स्मरण ठरेल.