सातासमुद्रापलीकडची मावशी

विद्यार्थी मित्रांनो, पुणे शहराला विद्येचे माहेरघर म्हणतात. येथील महाविद्यालयांत इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान अशा दूरदूरच्या देशांतून मुले-मुली शिकायला येतात. तुम्ही पुण्यात राहत असाल, तर कॅम्पात किंवा कोंढव्यात तुम्ही त्यांना पाहिले असेल. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. अशा परक्या गावात ती कशी राहत असतील, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का?

1883 साली एक मराठी मुलगी अशीच परदेशात शिकायला गेली होती. तिचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. तिचे नाव आनंदीबाई जोशी. तिची हकिकत आज आपण वाचणार आहोत.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. त्यांचे घराणे कल्याणचे. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी असा नवरा विरळाच! पण त्यांची शिस्त फार कडक असे. अभ्यासात चूक झाली, तर ते कधी कधी हातही उगारत. त्यांची बदली कधी अलिबागला, कधी कोल्हापूरला, कधी भूजला होई. जेथे जातील तेथे आनंदीबाईंचा अभ्यास चालू राही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण तो दहाच दिवस जगला. बाळावर योग्य उपचार झाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनातून जाईना. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यास लाजत आणि आपल्या देशात स्त्री-डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, असा निश्चय आनंदीबाईंनी केला.

गोपाळरावांनी एका अमेरिकन धर्मोपदेशकाला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. तुम्ही ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदत करू, असे उत्तर आले. पती-पत्नींना ते मान्य नव्हते. गोष्ट तेथेच संपायची; पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला.

आता गंमत पाहा. न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचे एक गाव आहे. तेथे मिसेस थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत होत्या. 1880 साली त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत काय करावे, म्हणून त्यांनी समोरचे मासिक उचलले. त्यात त्यांनी ते पत्र वाचले. दूर हिंदुस्थानातील एका मुलीला शिकायचे आहे आणि तिला कोणाचा आधार नाही, हे वाचून त्यांचे मन कळवळले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. धर्म बदलण्याची अट घातली नाही, उपकाराची भाषा केली नाही. माझ्या घरी ये, एवढेच त्यांचे सांगणे होते.

पत्रे येऊ-जाऊ लागली. पुढे गोपाळराव बंगालमध्ये असताना आनंदीबाईंची प्रकृती बिघडली. डोके दुखे, ताप येई, धाप लागे. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. अजून दोघींची भेट झाली नव्हती, तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. मावशी म्हणजे आईची बहीण, तुमची खाला. परक्या देशातील परक्या बाईला त्यांनी हे नाते दिले.

समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे तेव्हा बरेच लोक मानत. एकटी बाई परदेशी जाणार, हे तर अनेकांना सहनच होईना. लोक टोमणे मारत. शेवटी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे. देशाला स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचनही त्यांनी दिले. पैशांच्या अडचणीमुळे गोपाळराव बरोबर जाऊ शकले नाहीत. एप्रिल महिन्यात काही अमेरिकन स्त्रियांच्या सोबतीने आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. 4 जून 1883 रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांना उतरून घेण्यासाठी मावशी बंदरावर हजर होत्या.

पहिला उन्हाळा आनंदीबाईंनी मावशींच्या घरी काढला. मित्रांनो, पाहुणचार म्हणजे नुसते चांगले खाऊ घालणे नव्हे. पाहुण्याला त्याच्या रीतीने राहू देणे, हा खरा पाहुणचार. मावशींच्या घरी आनंदीबाई साडी नेसत, कुंकू लावत आणि शाकाहार करत. त्यांनी आपल्यासारखे व्हावे, असा आग्रह मावशींनी धरला नाही.

ऑक्टोबर 1883 मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. पण आता मावशींचे घर दूर राहिले आणि खरी परीक्षा सुरू झाली. तेथील हिवाळा फार कडक. आनंदीबाईंना मिळालेल्या खोलीत शेकोटीची सोय नीट नव्हती. शेकोटी पेटवली की खोलीभर धूर होई आणि विझवली की अंग काकडे. धूर सोसावा की थंडी, एवढाच प्रश्न उरे! सवयीचे अन्न मिळत नसे.

काही गोष्टी त्यांनी बदलल्या. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यामुळे पाय झाकले जात आणि साडीही सुटत नसे. काय बदलायचे आणि काय जपायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले होते.

त्या महाविद्यालयात परदेशातून आलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. 10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखात साबात इस्लामबुली. साबात सीरियातील दमास्कसच्या. दमास्कस म्हणजे उर्दूतले दमिश्क. तिघींचे देश वेगळे, धर्म वेगळे, घरच्या भाषा वेगळ्या. पण तिघींचे ध्येय एकच होते.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत. या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोपर्यंत अमेरिकेत पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम आनंदीबाईंना देऊ केले आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

पण थंडी, अपुरा आहार आणि अतिश्रम यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. त्यांना क्षयरोग झाला होता. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, तेव्हा लोकांनी त्यांचा सन्मान केला. पण कोल्हापूरच्या कामावर त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. जी विद्या शिकण्यासाठी त्यांनी एवढे कष्ट सोसले, तिचा उपयोग आपल्या भगिनींसाठी करण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे. आपल्या नात्यागोत्याच्या माणसांमध्ये मावशींनी त्यांना कायमची जागा दिली. जिवंतपणी जोडलेले नाते त्यांनी मृत्यूनंतरही पाळले.

मित्रांनो, या हकिकतीत दोन धडे आहेत. परदेशात शिकायला जाणाऱ्याने आनंदीबाईंप्रमाणे मन खंबीर ठेवावे. पण आपल्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नये. आणि आपल्या गावात शिकायला येणाऱ्याला मायेचा आधार द्यावा. आधाराने सगळी संकटे टळतात असे नाही. मावशींची माया होती, तरी थंडी आणि आजार टळला नाही. पण त्या मायेमुळेच आनंदीबाई अमेरिकेपर्यंत पोहोचू शकल्या आणि परक्या देशात त्यांना एक घर मिळाले.

आज पुण्यात एखादा परदेशी विद्यार्थी दुकानात योग्य शब्द सापडत नाही म्हणून अडखळत उभा असतो. एखादी विद्यार्थिनी भाड्याची खोली शोधत दारोदार फिरत असते. ईदच्या दिवशी कोणी वसतिगृहात एकटाच बसलेला असतो. त्याला शब्द सांगा, तिला पत्ता दाखवा, घरी शीरखुर्मा प्यायला बोलवा. तुमच्यासाठी ती छोटी गोष्ट असेल. त्याच्यासाठी ते मावशीचे घर असेल.

स्वाध्याय

1. कार्पेंटरबाईंना आनंदीबाईंची माहिती कशी मिळाली?
2. फिलाडेल्फियात आनंदीबाईंना कोणकोणत्या अडचणी आल्या?
3. आनंदीबाईंनी परदेशात काय बदलले आणि काय जपले?
4. तुमच्या वर्गात परगावाहून नवा विद्यार्थी आला, तर तुम्ही त्याच्यासाठी काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.