गहुलीच्या तांड्यातून आलेली जिल्हा परिषद

निवडणुकीचं वारं सुटलं की पारावर एकच हिशोब चालतो. आपल्या गटातून कोण उभं राहणार, गणात कोणाचं वजन, आरक्षण कोणाला सुटलं. पण हे गट, गण, सभापती, हे सगळं आलं कुठून, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, पुसद तालुक्यातल्या गहुलीत.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुलीच्या बंजारा तांड्यात झाला. तांड्यात वाद झाला की नसाब बसायची. चारचौघांसमोर बोलणं व्हायचं, मग निकाल. वसंतराव हे पाहतच मोठे झाले. प्राथमिक शाळाही एका गावात झाली नाही, आजूबाजूच्या गावांत जाऊन शिकावं लागलं. पुढे अमरावती, नागपूर आणि १९४० साली वकिलीची पदवी. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली थोडी वकिली केली आणि पुसदला आले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. जात वेगळी, त्यामुळे विरोधही झाला. दोघंही मागे हटले नाहीत.

१९४६ ला ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ ला आमदार. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं.

महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. कारभार मात्र एकसारखा नव्हता. विदर्भात जनपद सभा, पश्चिमेकडे लोकल बोर्ड, मराठवाड्याची तऱ्हा आणखी निराळी. गावाकडचा कारभार लोकांच्या हाती कसा द्यायचा, हे ठरवायला त्याच वर्षी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महसूलमंत्री वसंतराव नाईक. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, त्यात २२६ शिफारशी होत्या.

त्याआधी दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने जोर जिल्ह्यावर दिला. शाळा, दवाखाने, रस्ते चालवायचे तर तालुका लहान पडतो, जिल्ह्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही असतात, असा तो विचार. जिल्हा परिषदेचे सदस्य लोकांनी थेट निवडून द्यायचे, कलेक्टरला त्यात बसवायचं नाही, आमदार-खासदारांनाही नाही. एका मंत्र्यानेच आपल्या जातभाईंना, म्हणजे पुढाऱ्यांना, दाराबाहेर ठेवलं! याच पायावर कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या.

डिसेंबर १९६३ मध्ये नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग इतकी वर्षं ती खुर्ची महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाकडे राहिली नाही. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठं, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं, हे घरोघरी माहीत आहे. त्यांच्या जन्मदिवशी कृषी दिन होतो. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला ते गेले.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. सत्ता जिल्ह्यात आली, पण बऱ्याच ठिकाणी ती मोजक्या घरांतच फिरत राहिली. याला आपला पुसदही अपवाद नाही. दोष कायद्याचा कमी, आपण प्रश्न विचारणं सोडलं त्याचा जास्त, असं आमचं मत. २०२२ ला मुदत संपली आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. शाळेची गळती असो की पांदण रस्ता, कोणाकडे जायचं हेच लोकांना कळेना. सदस्य नसणं काय असतं, ते तेव्हा समजलं.

ग्रामसभा मात्र प्रशासकाच्या काळातही होती, आजही आहे. वर्षातून किमान चार, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जो आकडा कमी असेल तो पुरतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते. मतं मागायला येणाऱ्याला गेल्या ग्रामसभेत तुम्ही होता का, असं विचारायला हरकत नाही. तोही तेच आपल्याला विचारू शकतो म्हणा.