सेवेचे मोल आणि सेवकाची मिळकत

एका वर्षाच्या वकिलीच्या कामासाठी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेले मोहनदास गांधी नाताळमधील भारतीयांच्या मताधिकाराच्या प्रश्नामुळे तेथेच थांबले. ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली आणि ते तिचे चिटणीस झाले. वार्षिक सुमारे ३०० पौंडांच्या घरखर्चाचा प्रश्न होता. परंतु सार्वजनिक कामाचे वेतन घेणे त्यांनी नाकारले. सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपली वकिली कामे वर्षभरासाठी त्यांच्याकडे सोपवली. संस्थेच्या वर्गणीची पावती व पैपैचा हिशेब यांविषयी त्यांचा कटाक्ष असे.

तरीही पेच सुटला नव्हता. अशील तेच आणि सार्वजनिक कार्यातले सहकारीही तेच. १९०१ मध्ये स्वदेशी परतताना निरोपाच्या भेटी आल्या: सोने, चांदी, हिरे आणि कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सुवर्णहार. यांतील वकिलाला काय दिले आणि लोकसेवकाला काय, हे वेगळे काढणे अशक्य होते. गांधींनी ती रात्र जागून काढली. सकाळपर्यंत विश्वस्तपत्राचा मसुदा तयार झाला. पारशी रुस्तमजी व इतर विश्वस्त नेमायचे ठरले.

मुले लगेच राजी झाली. कस्तुरबांनी मात्र विरोध केला. पुढे येणाऱ्या सुनांचा विचार त्यांनी मांडलाच. शिवाय पतीच्या सेवेमागे आपलेही रात्रंदिवसाचे कष्ट आहेत, याची जाणीव करून दिली. हा युक्तिवाद खोटा नव्हता. अखेर त्यांची संमती मिळाली, पण ती बरीचशी ओढून घेतलेली होती, हे गांधींनी आत्मकथेत लपवलेले नाही. दागिने बँकेत ठेवले गेले आणि समाजकार्याचा निधी उभा राहिला.

आज आयकर कायदा धर्मादाय न्यासाच्या संस्थापकांना, विश्वस्तांना व त्यांच्या नातलगांना गैरवाजवी लाभ देण्यास मज्जाव करतो. तेव्हा असा दंडक गांधींपुढे नव्हता. तरीही त्यांनी स्वतःच्या सचोटीवर विसंबून दागिने घरात ठेवले नाहीत. लेखी दस्तऐवज केला, मालकी सोडली आणि इतरांना विश्वस्त नेमले. हितसंबंधांचा संघर्ष केवळ अप्रामाणिक माणसापुढेच उभा राहतो, असा आपल्या अनेक संस्थाचालकांचा समज असतो. नाताळमधील त्या रात्रीचा अनुभव नेमका उलट आहे: प्रामाणिक माणसालाही स्वतःपासून संस्थेचे रक्षण करावे लागते, आणि त्याची किंमत बहुधा त्याच्या घरच्यांनाही मोजावी लागते.