तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल आणि उद्याची गोष्ट

वार्षिक परीक्षा जवळ आली की आमच्यापैकी काहीजण मोठ्या शांतपणे पुस्तक मिटतात. त्यांचे म्हणणे असे की, उत्तीर्ण व्हावयाचे असेल तर आम्ही होणारच, आणि नापास व्हावयाचे असेल तर कितीही अभ्यास केला तरी तो फुकटच! हा युक्तिवाद ऐकताना बिनतोड वाटतो. त्यात काहीतरी चुकते आहे हे मनास जाणवते, पण नेमके काय, ते सांगता येत नाही. ह्याच जातीच्या एका युक्तिवादाशी सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील एका महापंडिताने झुंज घेतली. त्याचे नाव ॲरिस्टॉटल. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ॲरिस्टॉटलचा जन्म इ. स. पू. ३८४ मध्ये ग्रीसच्या उत्तर भागातील स्टॅगिरा ह्या लहानशा नगरात झाला. त्याचा पिता निकोमेकस हा मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता. मातापित्यांचे छत्र लवकरच हरपले. वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा अथेन्स येथे आला आणि प्लेटोच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो थोडीथोडकी नव्हे, तर वीस वर्षे राहिला. इ. स. पू. ३४७ मध्ये गुरू निवर्तल्यावर त्याने अथेन्स सोडले आणि समुद्रापलीकडील ॲसॉस येथे, हर्मियस नावाच्या अधिपतीच्या आश्रयास तो जाऊन राहिला. त्याच घराण्यातील पिथियस हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे लेस्बॉस बेटावर राहून त्याने मासे व इतर जलचर प्राणी ह्यांचे बारकाईने निरीक्षण केले.

इ. स. पू. ३४३ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने आपल्या तेरा वर्षांच्या पुत्रास शिकविण्यासाठी त्यास पाचारण केले. हा राजपुत्र म्हणजेच, ज्यास आपण शिकंदर म्हणून ओळखतो तो अलेक्झांडर. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या तीरी पोरस राजाशी लढला, तो हाच. शिष्य दिग्विजयास निघण्याच्या सुमारास, इ. स. पू. ३३५ मध्ये, गुरू अथेन्सला परतला आणि त्याने लायसिअम ह्या उपवनात आपली शाळा काढली. तो अथेन्सचा नागरिक नव्हता. त्यामुळे तेथे त्यास जमीन वा घर स्वतःच्या मालकीचे करता येत नव्हते.

त्याने तर्कशास्त्राची पद्धतशीर मांडणी केली. दोन विधानांवरून तिसरे विधान कसे निष्पन्न होते, ह्याचे नियम त्याने घालून दिले. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. एखादी गोष्ट आहे, ती असलीच पाहिजे, आणि ती असू शकेल, ही तीन निरनिराळी विधाने आहेत, हे त्याने ओळखले. जे अशक्य आहे ते न होणे अटळ असते. आणि जे न होणे अटळ नाही, ते शक्य असते. अटळ आणि शक्य ह्या दोन शब्दांचे असे परस्परसंबंध त्याने तपासले आणि त्यांचे एक स्वतंत्र तर्कशास्त्र रचावयास घेतले.

आता तो प्रसिद्ध प्रश्न पाहू. समजा, एकजण म्हणाला की उद्या समुद्रावर लढाई होईल, आणि दुसरा म्हणाला की होणार नाही. दोघांपैकी एकाचे म्हणणे खरे असलेच पाहिजे. पण ते आजच खरे असेल, तर उद्याची गोष्ट आजच ठरून गेली! मग सेनापतीने मसलत करावी कशाला आणि खलाशांनी वल्ही सज्ज करावी कशाला? ॲरिस्टॉटलने येथे एक सूक्ष्म भेद दाखविला. उद्या लढाई होईल किंवा होणार नाही, हे संपूर्ण विधान अटळ आहे. परंतु म्हणून लढाई होणे अटळ ठरत नाही, किंवा न होणेही अटळ ठरत नाही. पुष्कळ गोष्टी दोन्ही बाजूंना वळू शकतात, आणि त्या कोणीकडे वळतील हे काही अंशी आपल्या विचारावर व कृतीवर अवलंबून असते.

ह्या उत्तराचा नेमका अर्थ काय, ह्याविषयी पंडितांत आजही मतभेद आहेत. १९२० मध्ये पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच ह्यांनी सत्य आणि असत्य ह्यांच्या जोडीस तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र मांडले. त्यामागे हाच जुना प्रश्न होता.

भविष्य मोकळे असेल, तर मनुष्याने कृतीचा विचार कसा करावा? ॲरिस्टॉटलने ह्याचेही उत्तर दिले. जे आपल्या हाती नाही, त्याविषयी कोणी शहाणा मनुष्य खल करीत बसत नाही. वैद्य रोग्यास बरे करावे की नाही ह्याचा विचार करीत नाही. कोणत्या उपायाने बरे करता येईल, ह्याचा करतो. साध्यापासून आरंभ करून साधनाकडे, त्या साधनाच्याही साधनाकडे असे मागे मागे जावे, आणि आज, आता, आपणांस जे करता येईल तेथे येऊन पोहोचावे. विचारात जी पायरी शेवटची, तीच कृतीत पहिली. संगणकाकडून कामाची योजना करून घेण्याचे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले, तेव्हा तेथेही साध्याकडून साधनाकडे जाण्याची ही रीत उपयोगी पडली.

इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध क्षोभ उसळला. ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा आरोप ठेवण्यात आला. ह्याच नगराने पूर्वी सॉक्रेटिसास विषाचा प्याला दिला होता. पुढे काय होईल हे ठरलेले नव्हते. निसटून जाणे मात्र त्याच्या हाती होते. त्याने शाळा सोडली आणि युबिया बेटावरील कॅल्किस येथे, आपल्या मातेच्या गावी, आश्रय घेतला. तेथेच इ. स. पू. ३२२ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

त्याचे मृत्युपत्र आजही वाचावयास मिळते. सारे काही ठीक होईल अशी आशा त्यात आरंभीच व्यक्त केली आहे. पण लगेच, तसे न झाले तर काय करावे, ह्याची व्यवस्था येते. मुलीचा विवाह कोणाशी व्हावा. तो वर मध्येच दगावला तर जबाबदारी कोणी घ्यावी. अशा एकेक शक्यतेचा त्याने विचार केला आहे. आपली सेवा केलेल्या दास मुलांस विकू नये, योग्य वय झाल्यावर त्यांस मुक्त करावे, असेही त्यात आहे. काही माणसे जन्मतःच दास असतात असे त्याने आपल्या ग्रंथात लिहिले होते. तो त्याच्या विचारातील मोठा दोष होय, आणि तो आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु मरणाच्या छायेतही ज्याने उद्याची दोन्ही दारे उघडी धरली आणि प्रत्येक दारापाशी कोणाची तरी सोय लावून ठेवली, तो मनुष्य आपल्या शिकवणुकीस जागला, असे आम्हांस वाटते.

तेव्हा, विद्यार्थिबंधुभगिनींनो, आपण परीक्षेत उत्तीर्ण होऊ किंवा होणार नाही, एवढेच काय ते अटळ आहे. ह्या दोहोंपैकी कोणते, हे अद्याप ठरावयाचे आहे. मिटलेले पुस्तक पुन्हा उघडण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.