सरफोजी राजे आणि माझी मराठी

माझे घर कावेरीकाठी, तंजावरजवळच्या खेड्यात. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. इथे आलो तेव्हा माझ्या बोलण्याला मुले हसली. मी मराठी बोलणेच सोडले. सुट्टीत आजोबांनी दुसऱ्या सरफोजी राजांची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. पण गादीवर अमरसिंग बसले. जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी त्यांना सांभाळले, शिकवले. १७९८ मध्ये राज्य मिळाले आणि १७९९ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. तरी राजे हताश झाले नाहीत. त्यांनी विद्येचे राज्य उभारले. तमिळ देशातल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. तमिळ कुरवंजीच्या धर्तीवर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचून तिच्यात जगाचा भूगोल सांगितला. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले. एका भाषेसाठी दुसरी टाकली नाही. १८३२ मध्ये ते वारले.

मी मात्र थोड्याशा हसण्याला घाबरून माघार घेतली होती! म्हणून हा लेख मराठीत लिहिला. चुका सरांनी सुधारल्या आहेत. आजोबांना अंक पाठवणार आहे.